अठरा दिवस गाडी उभी, बॅटरी बसली: घरी चार्ज करावी की सरळ बदलावी?

पार्किंगमधला_पांथस्थ (शुक्रवार, रात्री ८:५०)
मंडळी नमस्कार. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अठरा दिवस सांगलीला होतो. गाडी पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये. पेट्रोल हॅचबॅक, बॅटरी ३५ एएचची (अ‍ॅम्पिअर-तास), सव्वादोन वर्षं जुनी. आज सेल्फ मारला तर कट-कट-कट, दुसऱ्यांदा मारला तर तेही नाही. काट्यांचे दिवे मंद झाले आणि विझले.

गॅरेजवाल्याला फोन केला. गाडी न बघताच निकाल: "बॅटरी गेली साहेब, सकाळी नवीन घालून देतो." शेजारचे काका म्हणतात, माझा चार्जर घे, रात्रभर लाव, पळेल. बायको म्हणते, त्यात अ‍ॅसिड असतं, घरात आणायची नाही. तिघांपैकी कोणाचं ऐकू? आणि सव्वादोन वर्षांत बॅटरी बसतेच कशी?

लोणकढी (रात्री ९:०२)
बायकोचं. प्रश्न बॅटरीचा असो वा कसलाही.

वऱ्हाडी_ठसका (रात्री ९:१०)
काहून एवढा विचार करून राहिले भाऊ? दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वायरनं जंपर मारा, गाडी चालू करा आन् लोणावळ्याला चक्कर मारून या. परत येईस्तोवर फुल.

दहाचा_पाना (रात्री ९:३१)
वऱ्हाडीभाऊ, लोणावळ्याची चिक्की मिळेल, बॅटरी फुल होईलच असं नाही. अल्टरनेटर म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र, त्याचं काम भरलेली बॅटरी भरलेली ठेवणं. पूर्ण बसलेली बॅटरी त्याच्या गळ्यात मारली की तोही तापतो आणि बॅटरीही. गाडी नुसती उभी ठेवून पंधरा मिनिटं चालू ठेवणारे तर पेट्रोल जाळतात फक्त, कारण आयडलला अल्टरनेटर फारसं देत नाही.

पांथस्थ, घरात मल्टिमीटर आहे का? २० व्होल्ट डीसीवर ठेवा, लाल टोक प्लसला, काळं मायनसला, आकडा इथे टाका. त्याशिवाय सगळं ज्योतिष आहे. साधारण हिशेब: काही तास नुसती ठेवलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवत असेल तर भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ ला तळ दिसायला लागतो. ११.८ च्या खाली गेली म्हणजे तिच्या दृष्टीने ती रिकामी. "अजून ११ व्होल्ट आहेत की!" असं समाधान मानू नये.

पार्किंगमधला_पांथस्थ (रात्री ९:५८)
काकांकडून मीटर आणला. १०.६ दाखवतोय.

शंकेखोर (रात्री १०:०५)
झालं की मग. बॅटरीत सहा सेल म्हणजे कप्पे, प्रत्येकी २.१ व्होल्ट. १२.६ मधून २.१ वजा केले की १०.५. एक सेल गेला. गॅरेजवाल्याचं बरोबर आहे. धागा बंद करा.

दहाचा_पाना (रात्री १०:१२)
एवढ्यात तेराव्याचं जेवण नको हो. १०.६ दोन कारणांनी येऊ शकतं. एक तुम्ही म्हणता ते, आतल्या आत एक सेल शॉर्ट होऊन मेलाय. दुसरं म्हणजे सहाच्या सहा सेल उपाशी आहेत. मीटरला दोन्ही सारखेच दिसतात. चार्ज करून बघितल्यावर फरक कळतो: मेलेला सेल असेल तर रात्रभर चार्ज करूनही आकडा साडेदहा-पावणेअकराला येऊन बसतो आणि त्या सेलमधून बुडबुडेही येत नाहीत. उपाशी असतील तर वर चढतो.

प्रयोगवही (रात्री १०:४०)
रसायनशास्त्र शिकवते म्हणून थोडं आत डोकावते, कंटाळा आला तर पुढे सरका.

प्रत्येक सेलमध्ये दोन प्रकारच्या पट्ट्या असतात. धन पट्टीच्या जाळीत भरलेलं असतं लेड डायऑक्साइड, चॉकलेटी रंगाचं. ऋण पट्टीत साधं शिसंच, पण स्पंजासारखं सच्छिद्र आणि राखाडी. दोन पट्ट्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये पातळ प्लॅस्टिकचे सच्छिद्र पाकीट. हे सगळं पातळ सल्फ्युरिक आम्लात बुडवलेलं. बॅटरी वापरली की दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट बनतं, आम्ल खर्च होतं आणि मागे पाणी राहतं. म्हणून घनता कमी होते. भरलेल्या सेलची घनता १.२६ ते १.२८, रिकाम्याची १.१२ च्या आसपास. चार्ज करणे म्हणजे ही अभिक्रिया उलटी फिरवणे.

आता पांथस्थांच्या कामाची गोष्ट. नवं बनलेलं लेड सल्फेट बारीक कणांचं असतं, ते सहज उलटतं. तसंच पडून राहिलं की कण एकमेकांत मिसळून मोठे, कडक स्फटिक होतात. पाक जास्त दिवस राहिला की खाली साखरेचे खडे बसतात ना, तसं. ते खडे चार्जरला दाद देत नाहीत. बॅटरी किती खाली गेली याइतकंच ती किती दिवस खाली राहिली यालाही महत्त्व आहे. तेव्हा ठरवायचं ते आज ठरवा, "पुढच्या रविवारी बघू" नको.

जाता जाता: हा शोध १८५९ चा, फ्रान्सच्या गॅस्तों प्लांते यांचा. गाडीत बाकी सगळं बदललं, पण पेट्रोल गाडीच्या बॉनेटखाली अजून तीच शिसे-आम्लाची जोडी.

लोणकढी (रात्री १०:४४)
बाई, मी बारावीला तुमच्या वर्गात असतो तर आज डॉक्टर असतो.

प्रयोगवही (रात्री १०:४६)
तुम्ही बारावीला कुणाच्याच वर्गात नव्हता असा माझा अंदाज आहे.

जुना_खटारा (शनिवार, सकाळी ६:१५)
कोल्हापुरात उद्यमनगरात चाळीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान चालवलं, आता पोरगं बघतं. त्या काळातली बॅटरी वेगळी होती. काळ्या कडक रबराचा डबा, वरनं डांबर ओतलेलं, सेल जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या उघड्या दिसायच्या. एक सेल गेला की डांबर तापवून खरवडायचं, तेवढाच सेल उपसून काढायचा, नव्या प्लेटा घालायच्या, पुन्हा डांबर ओतायचं. लोक एकेक बॅटरी तीन-तीन जन्म वापरायचे. आता प्लॅस्टिकचा डबा वितळवून बंद केलेला, एक सेल गेला की सगळी गेली. दुरुस्ती हा शब्दच संपला.

ते असू दे. बाळा, चार्ज कर, पण मी सांगतो तसं. १९८७ साली माझ्या दुकानात एक शिकाऊ पोरगा होता. संध्याकाळ झालेली, लाईट गेलेली. चार्जिंगवरनं नुकतीच काढलेली ट्रकची बॅटरी, बुचं उघडी. आत पाणी किती दिसंना म्हणून त्यानं काडी ओढली. मी पलीकडं होतो, "अरे" म्हणेपर्यंत फटाका फुटल्यागत आवाज. बॅटरीचं वरचं झाकण उडालं, अ‍ॅसिड तोंडावर. दारात पाण्याचं पिंप होतं म्हणून वाचला. डोकं धरून वीस मिनिटं नुसतं पाणी ओतत होतो, तो ओरडत होता तरी. मग सीपीआर हॉस्पिटलात नेला. एक डोळा चांगला राहिला, दुसऱ्यानं अजून धुरकट दिसतं. आज त्याचं स्वतःचं दुकान आहे, माझ्यापेक्षा मोठं.

त्या दिवसापास्नं दुकानात दोन नियम. पिंप कायम भरलेलं आणि बिडी रस्त्याच्या पलीकडं.

प्रयोगवही (सकाळी ७:०५)
काका, अंगावर काटा आला. ज्यांना हे अपवाद वाटेल त्यांच्यासाठी: चार्जिंगच्या शेवटी पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. हवेत हायड्रोजन ४ टक्के झाला की पेटू शकतो, आणि त्याला काडीच लागते असं नाही, क्लिप काढताना पडणारी ठिणगी पुरते. वायू हलका असतो, मोकळ्या जागेत वर निघून जातो. बंद खोलीत, कपाटात, झाकून ठेवलेल्या बॅटरीत तो साचतो. डोळ्यात आम्ल गेलं तर काकांनी केलं तेच: चोळायचं नाही, सलग पंधरा-वीस मिनिटं वाहतं पाणी, मग डॉक्टर. डोळ्यात सोडा वगैरे घालायचा नाही. खाण्याचा सोडा फरशीसाठी.

पार्किंगमधला_पांथस्थ (सकाळी ८:२०)
बायकोने वरचे दोन प्रतिसाद वाचले. ती म्हणते, बघ.

दहाचा_पाना (सकाळी ८:४१)
वहिनींना म्हणावं, खरं आहे, म्हणूनच बाल्कनीत करायचं. स्वयंपाकघरात गॅसजवळ नाही, झोपायच्या खोलीत नाही.

क्रम सांगतो. चावी बंद, आणि चावी खिशात ठेवा, गाडीत नको. बॅटरी काढल्यावर सेंट्रल लॉकने काही गाड्या रुसतात. आधी काळी, म्हणजे मायनसची वायर काढायची. मग लाल. मग बॅटरी आवळून धरणारी पट्टी. लावताना उलटं: आधी लाल, शेवटी काळी. दहाचा पाना लागेल. सापडला तर.

शंकेखोर (सकाळी ८:५५)
आधी काळी का? वीज काय रंग बघून धावते?

दहाचा_पाना (सकाळी ९:०८)
गाडीचा सगळा पत्रा मायनसला जोडलेला असतो. तुम्ही लाल टर्मिनल सोडवताय आणि पान्याचं दुसरं टोक चुकून बॉडीला लागलं तर प्लस-मायनस थेट शॉर्ट, मध्ये फक्त तुमचा पाना. छोट्या बॅटरीतूनही त्या क्षणी शेकडो अ‍ॅम्पिअर वाहतात, पाना लाल होऊन चिकटू शकतो. काळी आधी काढली की पत्रा मोकळा झाला, मग लाल सोडवताना पाना कुठेही लागो. काळी काढतानाच पाना बॉडीला लागला तर? मायनसला मायनस, काही होत नाही.

जुना_खटारा (सकाळी ९:३०)
आणि हातातलं सगळं काढून ठेव. अंगठी, घड्याळ, कडं. माझ्या डाव्या हाताच्या बोटावर अजून पांढरा वळ आहे. लग्नातली अंगठी होती. पाना लाल टर्मिनलवर, अंगठी पान्याला आणि ब्रॅकेटला एकदम टेकली. सोनं वीज लई छान वाहून नेतं बरं का. अंगठी कापून काढायला लागली. बायको आठ दिवस अंगठीबद्दलच बोलत होती, बोटाबद्दल नाही.

पार्किंगमधला_पांथस्थ (सकाळी ११:१५)
बॅटरी काढली. जितकी छोटी दिसते तितकी हलकी नाही, दहाएक किलो असावी. लाल टर्मिनलवर पांढरी-निळी बुरशी होती, ती काय असते? बॅटरीच्या वर चार्ज दाखवणारा गोल डोळा आहे, त्यात काळं दिसतंय. आणि लिफ्टमध्ये सेक्रेटरी भेटले. त्यांनी विचारलं, इलेक्ट्रिक गाडी घेतली का, चार्जिंगचा ठराव अजून मंजूर नाही.

लोणकढी (सकाळी ११:२०)
पोटाशी धरून आणली नाहीत ना? मी आणली होती, लहान मुलासारखी. शर्टाला काही दिसलं नाही. पुढच्या धुण्यात पोटावर चाळण. बायकोला वाटलं, वाळवी लागली.

प्रयोगवही (सकाळी ११:३२)
सुती कापडाचं तसंच होतं. थेंब वाळला तरी आम्ल उडून जात नाही, पाणी उडतं आणि उरलेलं उलट तीव्र होत जातं. जुने कपडे घाला, डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे, आणि बॅटरी उभी धरा.

बुरशी म्हणजे बुरशी नव्हे. पांढरा भाग शिशाचं सल्फेट, निळा-हिरवा तांब्याचं. टर्मिनलजवळून आम्लाची वाफ झिरपते आणि धातू खाते. चमचाभर खाण्याचा सोडा कोमट पाण्यात मिसळून जुन्या दात घासायच्या ब्रशने घासा, फेस थांबेपर्यंत. बुचांच्या फटीतून सोडा आत जाऊ देऊ नका, आतलं आम्ल मरेल. मग पुसून कोरडं करा आणि जोडणी झाल्यावर वरून व्हॅसलीन.

दहाचा_पाना (सकाळी ११:५०)
डोळा एकाच सेलमध्ये असतो. हिरवा दिसला तरी बाकी पाच सेलबद्दल तो काही बोलत नाही. काळा म्हणजे "त्या सेलमध्ये चार्ज कमी". पांढरा किंवा फिका दिसला असता तर पाणी कमी, आणि मग पाणी टाकल्याशिवाय चार्ज करू नये. तुमची "मेंटेनन्स फ्री" आहे का? काहींमध्ये स्टिकरखाली बुचं असतात, काही खरोखर बंद असतात. बंद असेल तर उचकटू नका.

वऱ्हाडी_ठसका (दुपारी १२:१०)
बुचं असन तर थोडं अ‍ॅसिड टाका ना. आमच्या गल्लीतला मिस्त्री तेच करते. ताकद येते म्हणे.

जुना_खटारा (दुपारी १२:२५)
नको रे बाबा. आजाऱ्याला ताकद यावी म्हणून मटणाचा रस्सा नाकात ओतल्यागत आहे ते. उडून जातं ते पाणी, अ‍ॅसिड नव्हे. कमी झालं तर डिस्टिल्ड वॉटरच. नळाचं नको, आरओचं नको, एसीतनं टपकतं ते नको. प्लेटा बुडून बोटभर वर, एवढंच. आणि प्लेटा बुडालेल्या असतील तर उरलेलं पाणी चार्ज झाल्यावर टाकायचं, आधी काठोकाठ भरलं तर चार्जिंगला फुगून बाहेर येतं. अ‍ॅसिड टाकलं की हायड्रोमीटरवर, म्हणजे घनता मोजायच्या नळीवर, आकडा छान दिसतो, गिऱ्हाईक खूश होतं, आणि जाळी खाऊन सहा महिन्यांत बॅटरी परत येते. तुझ्या मिस्त्रीला ते ठाऊक असणार.

रेवदंड्याचा (दुपारी १२:४०)
आमच्याकडे जुनी बॅटरी फुकट जात नाही. फोडून शिसं वितळवतात, पागाच्या जाळ्याला त्याच्या गोळ्या लावतात. आजोबा मागच्या पडवीत चुलीवर करायचे. शिसं पटकन वितळतं.

प्रयोगवही (दुपारी १:०५)
३२७ अंशांनाच वितळतं, म्हणूनच लोकांना ते सोपं वाटतं. कृपा करून आता कोणी करू नका. वितळवताना निघणारा धूर आणि बॅटरीतली ती चॉकलेटी पूड, दोन्ही विषारी. मोठ्यांपेक्षा लहान मुलांना फार वाईट, मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. पूड अंगणातल्या मातीत वर्षानुवर्षं राहते आणि मुलं मातीत खेळतात. वर फोडताना ओतलेलं आम्ल विहिरीच्या वाटेला.

रेवदंड्याचा (दुपारी १:१८)
पडवीत आम्हीच खेळायचो. काही बोलत नाही आता.

दहाचा_पाना (दुपारी १:३०)
जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या, नव्याच्या किमतीतून पैसे वजा होतात. २००१ मध्ये विक्रेत्याने जुनी परत घ्यायचा नियम आला होता, २०२२ मध्ये त्याच्या जागी नवे बॅटरी कचरा नियम आले आणि ही जबाबदारी उत्पादकांवर टाकली गेली. शिसं पुन्हा पुन्हा वापरता येतं, त्यामुळे भंगारवालाही घेतो, पण तो पुढे कुठे देतो ते आपल्याला दिसत नाही.

शंकेखोर (दुपारी २:००)
अवांतर: चार्जर कशाला हवा? घरच्या इन्व्हर्टरला जोडली तर? तोही बारा व्होल्टच. फुकटात काम.

दहाचा_पाना (दुपारी २:२०)
इन्व्हर्टरची बॅटरी दीडशे एएचची, त्याचा चार्जर त्या मापाने दहा-पंधरा अ‍ॅम्पिअर ढकलतो. तुमच्या ३५ एएचला बरा करंट म्हणजे क्षमतेच्या दहाव्या भागाइतका, साडेतीन. शिवाय मध्येच वीज गेली की इन्व्हर्टर हिच्यावर पंखे चालवणार. गाडीच्या बॅटरीत प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात, पाच सेकंद दणकून करंट द्यायला. इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलरमध्ये जाड, तासन् तास थोडं थोडं द्यायला. शंभर मीटर पळणाऱ्याला पालखीबरोबर पंढरपूरला पाठवल्यासारखं होईल.

वऱ्हाडी_ठसका (दुपारी २:३५)
आमच्या काकानं लोडशेडिंगच्या काळात ट्रॅक्टरच्या बॅटरीवर टीव्ही चालवला होता. मॅच भारतानं जिंकली, सकाळी ट्रॅक्टर धक्का मारून सुरू केला. सहा जणं लागले.

पार्किंगमधला_पांथस्थ (दुपारी ४:४५)
काकांचा चार्जर जुना आहे, ट्रान्सफॉर्मरवाला, वर अ‍ॅम्पिअरचा काटा. आपोआप बंद होणारा नाही. काका म्हणतात, रात्रभर लावून झोप. लावू?

जुना_खटारा (दुपारी ५:०५)
लाव, पण झोपू नको. तसला चार्जर पोट भरलं तरी वाढतच राहतो. आधी क्लिपा लाव, लाल प्लसला, काळी मायनसला, दोनदा बघ, मग भिंतीचं बटण चालू. काढताना आधी बटण बंद, मग क्लिपा. ठिणगी बॅटरीजवळ पडता कामा नये, सगळं गणित तेवढ्यासाठी. पूर्ण रिकामी आहे म्हणजे साडेतीन अ‍ॅम्पिअरनं बारा तास धर. तासा-तासाला हात लावून बघ. कोमट ठीक, चटका बसला तर बंद. कुजक्या अंड्याचा वास आला तरी बंद, खिडक्या उघड, तिथं थांबू नको. आणि ती लाकडी फळीवर ठेव, फरशीवर नको, उतरते.

शंकेखोर (दुपारी ५:१२)
काका, फरशीचं मात्र थोतांड. प्लॅस्टिकच्या डब्यातून वीज फरशीत कशी जाणार?

जुना_खटारा (दुपारी ५:३०)
आमचे उस्ताद सांगायचे म्हणून आम्ही करायचो. त्यांच्या वेळचे डबे गळके असायचे, ओल धरायची, तेव्हा खरं असंल. आताच्या प्लॅस्टिकला तू म्हणतोस ते बरोबर. पण फळीवर ठेव. टाइल्सवर अ‍ॅसिडचा डाग पडला तर ती फरशी बदलायचा खर्च तुझा, माझा नव्हे.

दहाचा_पाना (दुपारी ५:४५)
मीटरही लावून ठेवा. चार्जिंग चालू असताना १४.४ च्या आसपास आला की सेल बुडबुडायला लागतात. तिथून पुढे करंट कमी करा किंवा बंद करा. स्वयंचलित चार्जर हेच करतो: आधी ठरावीक करंट, मग ठरावीक व्होल्ट, शेवटी साडेतेराच्या आसपास आणून नुसता राखत बसतो. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या स्टार्ट-स्टॉपवाल्या गाडीत एजीएम (आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषलेली, बंद) बॅटरी असेल तर असा जुना चार्जर लावूच नका, त्यात टाकायला पाणीही नसतं आणि जादा चार्ज तिला सोसत नाही.

उणे_तीस (रविवार, पहाटे ४:१०)
कॅनडातल्या विनिपेगहून. तुमच्याकडे बॅटरी बसली हे तुम्हाला कळतं तरी, आमच्याकडे ती गोठते. भरलेली असेल तर उणे पन्नासलाही गोठत नाही. रिकामीत उरतं जवळपास पाणी, ती उणे दहाच्या आसपासच बर्फ होते, डबा फुगतो. गोठलेली बॅटरी कधीच चार्ज करायची नाही किंवा जंपर लावायचा नाही, आधी उबेत आणून वितळू द्यायची, आणि डबा फुगला-तडकला असेल तर सरळ परत करायची. इथे पार्किंगच्या पुष्कळ जागांवर विजेचा प्लग असतो, तो चार्जिंगसाठी नव्हे, इंजिन गरम ठेवायला. लेबलवरचा सीसीए हा आकडाही थंडीचाच: उणे १८ अंशांत ३० सेकंद, व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाता किती अ‍ॅम्पिअर देते. नागपूरकरांनी त्याच्यावर पैसे घालवू नयेत.

वऱ्हाडी_ठसका (सकाळी ८:००)
म्हणजे आमच्या अकोल्याच्या ४५ मध्ये बॅटरी खूश पाहिजे? दोन वर्षांच्या वर टिकत नाही भाऊ.

जुना_खटारा (सकाळी ८:२५)
बॅटरी मरते मे महिन्यात, कळतं डिसेंबरात. उन्हानं आतली जाळी सडते, पाणी उडतं, पण इंजिन गरम असतं म्हणून कसंबसं फिरतं. थंडीत ऑइल घट्ट झालं की बिंग फुटतं. गिऱ्हाईक म्हणतं, थंडीनं बॅटरी गेली.

पार्किंगमधला_पांथस्थ (सकाळी ९:४०)
अहवाल. काल संध्याकाळी सहाला लावली, पहाटे साडेपाचला बंद केली. दर तासाला गजर लावून उठलो, बायको आता बॅटरीपेक्षा माझ्यावर जास्त चिडलेली आहे. बंद केल्यावर १३.१ दिसले. वास नाही, जेमतेम कोमट. म्हणजे सेल मेलेला नाही, बरोबर? शंकेखोर?

शंकेखोर (सकाळी ९:४८)
१३.१ म्हणजे वरवरचा चार्ज. सात-आठ तास ठेवून बघा, मग बोलू. (पण हो, मेलेला दिसत नाही. मागे घेतो.)

पार्किंगमधला_पांथस्थ (रविवार, संध्याकाळी ६:३०)
१२.५८. गाडीत बसवली. आधी लाल, मग काळी. पहिल्याच सेल्फला चालू. सेल्फ मारताना मीटर ९.९ पर्यंत खाली गेला आणि परत आला. चालू गाडीवर १४.१.

मात्र गॅरेजवाला मध्येच येऊन गेला. म्हणाला, अल्टरनेटर बघू, आणि चालू गाडीची काळी वायर काढायला निघाला. "बंद पडली नाही म्हणजे अल्टरनेटर चांगला." मी हात धरला, कारण काय ते मला नीट माहीत नव्हतं, पण इतके प्रतिसाद वाचून भीती बसली आहे.

दहाचा_पाना (संध्याकाळी ६:५०)
हात धरलात ते उत्तम केलंत. बॅटरी अल्टरनेटरचे उसळणारे व्होल्ट गिळून टाकते. चालू गाडीत ती बाजूला केली की ते व्होल्ट थेट ईसीयूवर, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरवर. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ही युक्ती चालून जायची, आता ईसीयूच्या किमतीत चार बॅटऱ्या येतात. १४.१ हेच उत्तर आहे, वायर काढायची गरजच नाही.

९.९ ही चांगलं आहे. ९.६ च्या खाली गेलं असतं तर काळजी. पण तुमचा तिसरा प्रश्न तसाच पडलाय: बसली का? धड गाडीत सगळं झोपलं की २०-५० मिलीअ‍ॅम्पिअर जातात. ५० धरले तरी दिवसाला १.२ एएच, अठरा दिवसांत २२ च्या आत. एवढ्याने १०.६ होत नाही. दुसरं काहीतरी खातंय. नंतर काही बसवलंय का गाडीत?

पार्किंगमधला_पांथस्थ (संध्याकाळी ७:०२)
डॅशकॅम. दिवाळीत. त्याच गॅरेजमध्ये.

दहाचा_पाना (संध्याकाळी ७:०५)
हं.

मोजा. गाडी बंद, काळी वायर काढा, मीटर १० अ‍ॅम्पिअरवर, लाल प्रोब मीटरच्या १०ए लिहिलेल्या भोकात, आणि मीटर काळी वायर व मायनस टर्मिनल यांच्या *मध्ये*. दारं बंद, अर्धा तास थांबा, सगळी यंत्रणा झोपू द्या. मीटर लागलेला असताना चावी फिरवू नका. आणि त्या सेटिंगवर प्लस-मायनसला चुकूनही टेकवू नका, मी टेकवला होता. प्रोबच्या टोकाचा मोती झाला.

पार्किंगमधला_पांथस्थ (रात्री ८:२०)
०.३१. डॅशकॅमचा फ्यूज काढल्यावर ०.०२.

प्रयोगवही (रात्री ८:२६)
०.३१ गुणिले २४, दिवसाला साडेसात एएच. ३५ ची बॅटरी पाच दिवसांत रिकामी. उरलेले तेरा दिवस ती तशीच पडून. तरी १२.५८ वर आली, चिवट आहे. थोडी क्षमता कायमची गेली असेल, हिवाळ्यात कळेल.

लोणकढी (रात्री ८:३०)
म्हणजे अठरा दिवस डॅशकॅमने भिंतीचं शूटिंग केलं आणि त्याचं बिल बॅटरीने भरलं.

जुना_खटारा (रात्री ८:४५)
फ्यूज बॉक्समध्ये चावीवर चालणाऱ्या लाईनला जोडून घे, कायमच्या लाईनला नको. पार्किंगमधलं रेकॉर्डिंग पाहिजेच असंल तर व्होल्टेज पडल्यावर तोडणारं किट मिळतं, १२ च्या खाली येऊ देत नाही. आणि आठवड्यातनं एकदा तासभर गाडी रस्त्यावर काढ. २०२० च्या लॉकडाऊननंतर आमच्या दुकानासमोर रांग लागलेली, सगळ्यांचं हेच. पोराला विचार, तेवढा धंदा पुन्हा झाला नाही.

पार्किंगमधला_पांथस्थ (दोन आठवड्यांनी, शनिवार, सकाळी १०:००)
शेवटचा अहवाल. जोडणी बदलून घेतली, दुसरीकडे. रात्रभर उभ्या गाडीवर आज सकाळी १२.५५. टर्मिनल स्वच्छ, व्हॅसलीन लावलंय, बॅटरीवर मार्करने तारीख लिहिली आहे. सगळ्यांचे आभार.

ता. क.: आत्ता काकांनी दार वाजवलं. त्यांची गाडी सुरू होत नाहीये, आणि त्यांचा चार्जर दोन आठवडे माझ्या बाल्कनीत आहे.